प्रकाश आणि धूर

संध्याकाळीं दिवे गेले कीं शहरांतील गल्लींत क्षणभर शांतता पसरते, आणि मग कोठूनतरी दोरी ओढल्याचा आवाज येतो. एकदां, दोनदां, तिसऱ्यांदां. आणि एक लहानसें इंजिन फडफडत जागें होतें. एका घराच्या खिडक्या उजळतात, शेजारचीं घरें अंधारांतच राहतात. डोंगरावर तंबू ठोकून राहिलेल्या तरुण मंडळींच्या मुक्कामावरहि हाच आवाज ऐकूं येतो. बाजारांत असा जनरेटर घ्यावयास जाणारा गृहस्थ दुकानदारास बहुधा तीन प्रश्न विचारतो : यावर काय काय चालेल, पेट्रोल किती खाईल, आणि आवाज किती करील? चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो : याचा धूर कोठें जाईल? या यंत्राच्या इतिहासांत माणसाला सर्वांत महाग पडलेला प्रश्न तोच आहे. आणि त्याची किंमत केवळ अजाण माणसांनाच द्यावी लागली असें नाहीं.

या यंत्राचा जन्म झाला तेव्हां धुराचा संबंधच नव्हता. मायकेल फॅरडे हा इंग्लंडमधील एका लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत असतां बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून त्याला शास्त्राची गोडी लागली, आणि पुढें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हम्फ्री डेव्ही याचा मदतनीस म्हणून त्याचा प्रवेश झाला. विजेपासून चुंबकत्व निर्माण होतें हें तोंपर्यंत ठाऊक झालें होतें. मग चुंबकापासून वीज कां होऊं नये, हा फॅरडेचा प्रश्न होता. १८३१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत त्याला उत्तराचा धागा सांपडला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं तें उत्तर त्यानें रॉयल सोसायटीपुढें मांडलें. चुंबक नुसता तारेजवळ ठेवून भागत नाहीं. तो हालला पाहिजे, किंवा तार तरी हालली पाहिजे. चुंबकाच्या दोन टोकांमध्यें तांब्याची चकती फिरवून त्यानें अखंड वाहणारा विद्युत्प्रवाह काढून दाखविला.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८३२ सालीं, पॅरिसमध्यें शास्त्रीय उपकरणें बनविणारा इपोलित पिक्सी यानें हातानें फिरवावयाचें यंत्र तयार केलें. नालाच्या आकाराचा लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळून फिरे आणि प्रत्येक फेऱ्याला विजेची दिशा उलटसुलट होई. ती एकाच दिशेनें वाहावी म्हणून आम्पेअर या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यानें यंत्राला आणखी एक भाग जोडला. आज दुकानांत दिसणाऱ्या जनरेटरचें मूळ तत्त्व पिक्सीच्या यंत्रांतलेंच आहे. फरक इतकाच कीं, पिक्सीच्या यंत्रास फिरविणारा हात होता, आणि हाताला घाम येतो, पण धूर येत नाहीं.

हाताच्या बळावर मोठें काम होण्यासारखें नव्हतें. बर्लिनच्या व्हेर्नर सीमेन्सनें १८६६-६७ सालीं कायमच्या लोहचुंबकाऐवजीं यंत्राच्याच विजेनें यंत्राचा चुंबक बळकट करण्याची युक्ति पुढें आणली. बेल्जियमचा सुतार झेनोब ग्राम यानें १८७१ सालीं आपला डायनामो पॅरिसच्या विज्ञानपरिषदेपुढें ठेवला. १८७६ सालीं जर्मनीमध्यें निकोलाउस ऑटो यानें चार टप्प्यांनीं काम करणारें इंजिन यशस्वी केलें. एका बाजूस फिरविल्यास वीज देणारें यंत्र आणि दुसऱ्या बाजूस थोड्या जागेंत मावणारें, स्वतः फिरणारें इंजिन. या दोहोंचें लग्न लागणें आतां केवळ काळाचें काम होतें. परंतु आरंभीं जगानें वेगळीच वाट धरली. १८८२ सालच्या सप्टेंबरांत एडिसननें न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वाफेवर चालणारें मोठें विद्युत्केंद्र सुरू केलें. एका ठिकाणीं वीज करावी व तारांनीं घरोघर पोंचवावी, हीच रीत पुढें रूढ झाली. जेथवर तार गेली तेथवर उजेड गेला. तारेच्या पलीकडे कंदीलच राहिले.

तारेच्या पलीकडच्या या लोकांची आठवण ज्यानें ठेवली तो चार्ल्स केटरिंग हा ओहायो प्रांतांतील शेतकरी कुटुंबांतच वाढला होता. मोटारगाडीचें इंजिन हँडल मारल्याशिवाय बटण दाबून सुरू करण्याची सोय त्याच्याच कल्पनेंतून निघाली व ती १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत प्रथम बसविण्यांत आली. १९१६ सालीं त्याची 'डेल्को-लाइट' यंत्रें बाजारांत आलीं. एक छोटें इंजिन, त्याला जोडलेला डायनामो, आणि बाजूच्या फळीवर काचेच्या बरण्यांत ठेवलेले सोळा घट. प्रत्येक घट दोन व्होल्टचा, म्हणून सगळे मिळून बत्तीस व्होल्ट. दिवसां इंजिन चालवून घट भरून ठेवावयाचे आणि रात्रीं इंजिन बंद करून त्या सांठ्यावर दिवे लावावयाचे, अशी ती व्यवस्था होती. १९२० सालीं न्हाणीघराचें सामान करणाऱ्या कोहलर कंपनीनें एकशेंदहा व्होल्ट देणारें यंत्र काढलें. त्यांतील बॅटरीचें काम इंजिन सुरू करून देण्यापुरतेंच होतें. १९३५ च्या सुमारास अमेरिकेंतील दहा शेतघरांपैकीं नऊ घरांना विजेची तार पोंचलेली नव्हती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या यंत्रांचें मोल समजतें.

या पहिल्या पिढीच्या यंत्रांची एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तीं जड होतीं. रोज उचलून इकडून तिकडे नेण्याचें काम नव्हतें; म्हणून तीं तळघरांत किंवा वेगळ्या खोपटांत एका जागीं बसविलीं जात, आणि धुराची नळी भिंतींतून बाहेर काढली जाई. वजनामुळें जागा ठरे, आणि जागा ठरली कीं धुराची वाटहि ठरे. पुढें यंत्र हलकें झालें तेव्हां ही ठरलेली वाट हरवली.

वीज बरोबर नेण्याची गरज सर्वांत आधीं ज्यांना भासली त्यांत बिनतारी संदेश पाठविणारे होते. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागांतील लोकांसाठीं रेव्हरंड जॉन फ्लिन याच्या प्रयत्नानें १९२८ सालीं विमानानें फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण शेंकडो मैलांवरच्या एकाकी घरांतील रोग्यानें डॉक्टरास बोलवावें कसें? ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या कारागिरानें १९२९ सालीं याला उत्तर दिलें. सायकलच्या पायट्यांसारख्या पायट्या मारून वीज करावयाची, आणि तिच्यावर संदेश पाठवावयाचा. गृहिणीनें मेजाशीं बसून पाय चालवावे आणि हातानें संदेश द्यावा, इतकी ती सोपी रचना होती. पिक्सीच्या हाताचें काम येथें पायांनीं केलें. श्रम पडत, पण खोलींतील हवा शुद्ध राही.

इंजिनाच्या विजेची दुसरी बाजू कळण्यास मात्र पृथ्वीच्या टोकाशीं जावें लागतें. अमेरिकन आरमारांतील अधिकारी रिचर्ड बर्ड हा १९२९ सालच्या नोव्हेंबरांत विमानानें दक्षिण ध्रुवावरून जाऊन आल्यामुळें जगप्रसिद्ध झाला होता. १९३३ सालीं तो दुसरी मोहीम घेऊन त्या प्रदेशांत गेला. 'लिटल अमेरिका' या मुख्य ठाण्यापासून सुमारें १२३ मैल दक्षिणेस, बर्फाच्या अफाट पठारावर, हिवाळ्यांतील हवामानाच्या नोंदी घेण्यासाठीं एक लहान ठाणें उभारण्याचें ठरलें. तेथें तिघांना ठेवण्याचा मूळ बेत होता. परंतु तिघांना पुरेल इतकें सामान हिवाळ्यापूर्वीं पोंचेना. दोघांनीं त्या लहान खोलींत सगळा हिवाळा एकमेकांचें तोंड पाहत काढणें धोक्याचें, असें बर्डला वाटलें; म्हणून त्यानें एकट्यानेंच राहण्याचें ठरविलें. १९३४ च्या मार्चअखेर त्याला पोंचवावयास आलेले शेवटचे सोबती परत गेले.

त्याची खोपी बर्फांत पुरलेली होती. छप्पर तेवढें बर्फाच्या पातळीला, आणि बाजूस बर्फांत खणलेले बोगदे. बाहेर थंडी शून्याखालीं साठ अंशांपर्यंत उतरे. उबेसाठीं खोपींत एक शेगडी होती, आणि बिनतारी यंत्राला वीज देण्यासाठीं पेट्रोलवर चालणारा एक लहान जनरेटर बोगद्यांत ठेवला होता. ठरलेल्या दिवशीं लिटल अमेरिकेहून माणसाचा आवाज ऐकूं येई, आणि बर्ड मोर्सच्या टिंबरेघांच्या भाषेंत उत्तर देई. सूर्य मावळून गेलेल्या त्या महिन्यांत जगाशीं त्याला बांधून ठेवणारा तेवढाच एक धागा होता, आणि तो धागा त्या इंजिनावर अवलंबून होता.

३१ मे १९३४ रोजीं असें संभाषण चालू असतां बोगद्यांतील इंजिनाचा ठोका चुकूं लागला. काय बिघडलें तें पाहण्यास बर्ड तिकडे गेला. बोगदा धुरानें कोंदला होता, कारण हवा जाण्याच्या वाटेवर बर्फ धरलें होतें. यंत्रावर तो ओणवा झाला आणि त्याची शुद्ध हरपली. भानावर आल्यावर तो रांगत कसाबसा खोपींत परतला. त्यापूर्वीं कित्येक दिवस डोकेंदुखी आणि उदासी त्याला छळीत होती. शेगडीच्या नळीच्या सांध्यांतून झिरपणारा विषारी वायु त्याच्या रक्तांत हळूहळू सांठत आला होता, आणि इंजिनाच्या धुरानें त्यावर कळस केला.

यानंतरचा त्याचा पेंच विलक्षण होता. शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर थंडीनें मरण. इंजिन चालवावें तर पुन्हां तोच धूर, आणि न चालवावें तर लिटल अमेरिकेंतील माणसें त्याच्या मौनानें घाबरून ध्रुवप्रदेशाच्या काळोखांत शोधास निघणार व कदाचित् वाटेंत मरणार. या दुसऱ्या भीतीमुळें त्यानें आपला आजार लपविला. दिवसाचा बराच वेळ तो शेगडी विझवून गारठ्यांत पडून राही, पण ठरलेल्या वेळीं संदेश पाठवी. जुलै महिन्यांत तें इंजिनच मोडलें. तेव्हां संकटकाळासाठीं ठेवलेलें हातानें फिरवावयाचें यंत्र त्यानें बाहेर काढलें. ज्याच्या अंगांत पाण्याचा डबा उचलण्याचें त्राण नव्हतें त्याला स्वतःच्या हातांनीं वीज निर्माण करावी लागली. पिक्सीचें यंत्र शंभर वर्षांनीं पुन्हां माणसाच्या हातीं आलें, तेंहि अशा प्रसंगीं.

संदेश तुटक व विसंगत येऊं लागले, त्यावरून लिटल अमेरिकेंतील सोबत्यांना संशय आला. मोहिमेंतील प्रमुख शास्त्रज्ञ टॉमस पूल्टर दोन सोबत्यांसह ट्रॅक्टर घेऊन निघाला. दोन प्रयत्न फसले आणि माघार घ्यावी लागली. तिसऱ्या खेपेस, १९३४ च्या ऑगस्ट महिन्यांत, ते तिघे त्या खोपीपाशीं पोंचले. बर्ड इतका अशक्त झाला होता कीं, त्याला तेथून हालवावयास ऑक्टोबर उजाडला. हा सर्व वृत्तांत त्यानें १९३८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

बर्ड अजाण नव्हता. त्याच्यापाशीं शास्त्रज्ञ होते, उत्तम उपकरणें होतीं, आणि त्या विषाची ओळखहि जगाला नवी नव्हती. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. फ्रान्सचा शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच दाखविलें होतें कीं, हा वायु रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तांतील तांबड्या द्रव्याला प्राणवायूपेक्षां याची ओढ दोनशेंहूनहि अधिक पट असते. म्हणून हवेंत तो अगदीं थोडा असला तरी श्वासागणिक रक्तांत सांठत जातो, आणि माणूस श्वास घेत असतांनाच गुदमरतो. आरंभीं डोकें दुखतें, मळमळतें, हातपाय गळतात. थकव्यासारखें वाटून माणूस आडवा होतो. आणि झोंपलेला माणूस तर जागा होतच नाहीं. जॉन स्कॉट हाल्डेन यानें १८९५ सालीं हा वायु स्वतः हुंगून, पायरी-पायरीनें आपल्याच रक्ताची परीक्षा करून, हीं लक्षणें टिपून ठेवलीं. कोळशाच्या खाणींत स्फोटानंतर दगावलेले पुष्कळसे मजूर भाजून नव्हे तर या वायूनें मेले, हें त्यानें पुढच्याच वर्षीं सिद्ध केलें. त्याच्या सल्ल्यावरून ब्रिटनच्या खाणींत पिंजऱ्यांतील कॅनरी पक्षी नेले जाऊं लागले. चिमुकला पक्षी माणसाआधीं कोसळे आणि मजूर सावध होत. १९८६ पर्यंत ही प्रथा टिकून होती. बर्डच्या बोगद्यांत ज्ञान होतें, पक्षी मात्र नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानें छोटा जनरेटर सर्वत्र पसरविला. रणांगणावर बिनतारी यंत्र आलें कीं त्याच्याबरोबर वीज करणारें इंजिन आलेंच. युद्ध संपल्यावर जपानांत अशीं इंजिनें बेवारशी पडून होतीं. १९४६ सालीं हामामात्सु येथें सोइचिरो होंडा यानें लष्करी बिनतारी यंत्राच्या जनरेटरचीं सुमारें पांचशें लहान इंजिनें मिळविलीं, आणि तीं सायकलींना बसवून विकलीं. जगप्रसिद्ध मोटारसायकलचा कारखाना असा जनरेटरच्या इंजिनांतून निघाला. आणि त्याच कारखान्यानें १९६५ सालीं 'ई ३००' नांवाचा, मुठीला धरून उचलतां येणारा जनरेटर काढून जणूं मूळ ऋण फेडलें. तेथून पुढें हें यंत्र शेतघराच्या खोपटांतून निघून सहलीच्या सामानांत जाऊन बसलें.

महाराष्ट्रांत इंजिनाच्या विजेची ओळख थोडी निराळ्या रीतीनें झाली. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि डिझेल इंजिन हा शब्द विहिरीवरच्या शेतकऱ्याच्या तोंडीं रुळला. जत्रांमधून तंबू उभारून चित्रपट दाखविणाऱ्या फिरत्या मंडळ्या आपली वीज आपल्याबरोबर घेऊन गांवोगांव जात. ज्या गांवीं विजेचा खांब नव्हता तेथेंहि पडद्यावर उजेड पडे. त्या तंबूंत बसलेल्या प्रेक्षकांना इंजिनाची धडधड दूरवरून ऐकूं येई. तें दूर ठेवण्याचें कारण शास्त्रीय नव्हतें. जवळ ठेवलें तर नटाचें बोलणें ऐकूं येणार नाहीं, एवढाच विचार असे. आवाजानें इंजिनाला लांब ठेवलें, आणि त्यामुळें त्याचा धूरहि लांब राहिला. १९८५ सालीं स्थापन झालेल्या श्रीराम होंडा कंपनीच्या व तशाच दुसऱ्या कंपन्यांच्या लहान जनरेटरांनीं पुढें दुकानें, दवाखाने आणि लग्नमंडप गांठले. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवावयाचीं हीं यंत्रें भारनियमनाच्या काळांत बाजारपेठेच्या फरसबंदीवर ओळीनें धडधडत असत. १९६७ च्या डिसेंबरांत कोयनेच्या भूकंपानें मुंबईची वीज तोडली. २०१२ च्या जुलैअखेर उत्तर व पूर्व भारतांतील कोट्यवधि लोक एकदम अंधारांत गेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईच्या लोकलगाड्या भर सकाळीं रुळांवर थांबल्या. तारेवरचा विश्वास डळमळला कीं माणूस जनरेटरकडे वळतो, हें प्रत्येक वेळीं दिसून आलें.

विसाव्या शतकाच्या शेवटीं या यंत्रांत आणखी एक सुधारणा झाली. साध्या जनरेटरला विजेची गति राखण्यासाठीं बहुधा मिनिटाला तीन हजार फेरे सतत घ्यावे लागतात, मग त्यावर एक दिवा असो कीं दहा. इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांत निर्माण झालेली वीज प्रथम एकाच दिशेची करून नंतर पुन्हां हवी तशी घडविली जाते, म्हणून काम कमी असेल तेव्हां इंजिन मंद चालूं शकतें. पेट्रोल वांचतें, संगणकासारख्या नाजूक उपकरणांना स्वच्छ वीज मिळते, आणि आवाज इतका उतरतो कीं जवळ उभ्या असलेल्या दोघांना सहज बोलतां येतें. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु तिनें इतिहासांतील दुसरा पहारेकरीहि निवृत्त केला. आधीं वजन गेलें, मग आवाज गेला. इंजिनाला माणसापासून दूर ठेवणाऱ्या दोन्ही गोष्टी गेल्या. धूर मात्र जेथल्या तेथें आहे. आतां अंतर राखण्याचें काम माणसाच्या विवेकावर येऊन पडलें आहे.

तें काम किती वेळां चुकतें याची साक्ष अलीकडच्या आपत्तींनीं दिली आहे. २००५ सालीं कतरिना वादळानंतर आणि २०२१ च्या फेब्रुवारींत टेक्सासच्या हिमवादळांत, वादळांतून वांचलेलीं माणसें घरांत किंवा पडवींत चालविलेल्या जनरेटरच्या धुरानें दगावलीं. घरांत चालविल्यास हें यंत्र कांहीं मिनिटांत प्राण घेऊं शकतें, असा इशारा प्रत्येक यंत्रावर लावणें अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगानें २००७ पासून सक्तीचें केलें. घरापासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर, धुराचें तोंड घराच्या विरुद्ध दिशेला, ही त्या आयोगाची सूचना आहे. आपल्याकडील सदनिकांत गॅलरी, जिन्याखालची मोकळी जागा, अर्धवट शटर ओढलेलें दुकान, हीं ठिकाणें उघडीं वाटतात. पण धुराच्या दृष्टीनें तीं बर्डचा बोगदाच होत. तंबूचें कापडहि धुरास अडवीत नाहीं. पावसाळ्यांत यंत्र भिजूं नये म्हणून तें दाराच्या आंत ओढण्याचा मोह होतो. त्यापेक्षां बाहेरच चारी बाजूंनीं मोकळें असें छत करावें, आणि तें जमत नसेल तर त्या रात्रीं मेणबत्तीवर भागवावें. अलीकडील कांहीं यंत्रांत हवेंत विषारी वायु वाढतांच इंजिन आपोआप बंद पाडणारा भाग बसविलेला असतो. तो खाणींतल्या कॅनरी पक्ष्याचा आधुनिक वंशज आहे, आणि त्यासाठीं चार पैसे जास्त पडले तरी द्यावे.

जागेचा निकाल लागला म्हणजे मग यंत्राच्या बळाचा विचार करावा. घरांतील ज्या वस्तु एकाच वेळीं चालावयाच्या त्यांचे वॅट कागदावर मांडून बेरीज करावी. दिव्यांना दहा-दहा वॅट, पंख्याला पाऊणशें, इतपत हिशेब सोपा असतो. फसवणूक होते ती शीतकपाट आणि पाण्याचा पंप यांच्या बाबतींत, कारण अशा यंत्रांची मोटर सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते. एक अश्वशक्तीचा पंप चालतांना सुमारें साडेसातशें वॅट घेतो, म्हणून हजार वॅटचा जनरेटर पुरेल असें समजणारा गृहस्थ पहिल्याच दिवशीं निराश होतो. यंत्रावर लिहिलेल्या दोन आंकड्यांपैकीं मोठा आंकडा थोड्या वेळापुरता असतो; सतत मिळणारें बळ लहान आंकड्याचें. डोंगरावर जाणाऱ्यानें आणखी एक वजाबाकी करावी. विरळ हवेंत इंजिनाचें बळ दर तीनशें मीटरला सुमारें साडेतीन टक्के घटतें. महाबळेश्वरास हजार वॅटच्या यंत्राचे आठशें-साडेआठशें राहतात, आणि लेहच्या उंचीवर सहाशेंच्या आसपास.

निगा राखण्याचा विषय कंटाळवाणा वाटतो, पण जें यंत्र संकटांतच लागतें तें सुखाच्या दिवसांत सांभाळावें लागतें. टाकींत महिनोन् महिने पडून राहिलेलें पेट्रोल विटतें आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोंकांत बसतो. दिवे गेलेल्या रात्रीं दोरी ओढून हात दुखूं लागतात त्याचें कारण बहुधा हेंच असतें. म्हणून यंत्र ठेवून देतांना पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालूं द्यावें. आणि महिन्यांतून एकदां तें बाहेर काढून कांहीं दिवे-पंखे जोडून थोडा वेळ चालवावें. तेल प्रत्येक वेळीं सुरू करण्यापूर्वीं पाहावें. नव्या यंत्राचें तेल पहिल्या वीस तासांनंतर आणि पुढें दर शंभर तासांनीं किंवा सहा महिन्यांनीं बदलावें. हवेची गाळणी धुळीनें भरली कीं इंजिन अर्धवट जळतें, आणि अर्धवट जळणाऱ्या इंजिनाच्या धुरांत तो विषारी वायु अधिक असतो. तेव्हां गाळणी साफ ठेवणें हें यंत्राइतकेंच माणसाच्याहि हिताचें आहे. पेट्रोल भरावयाचें तें इंजिन बंद करून, निवल्यावर. तापलेल्या नळीवर पडलेला एक थेंबहि पुरेसा होतो.

शेवटची एक चूक अशी आहे कीं तिची किंमत भलताच माणूस देतो. दोन्ही टोकांस पिन असलेली वायर करून कांहीं लोक जनरेटरची वीज घरांतील प्लगमध्येंच उलटी सोडतात. मेन स्विच बंद करावयाचा राहिला तर ती वीज मीटरमधून मागें रस्त्याच्या तारेंत शिरते, आणि वाटेंतील ट्रान्सफॉर्मर तिचे हजारों व्होल्ट करून सोडतो. त्या वेळीं खांबावर चढलेला वायरमन तार मेलेली समजून तिला हात लावतो. तो भर पावसांत खांबावर चढतो तो त्याच घराचा दिवा पुन्हां लागावा म्हणून. यासाठीं जाणत्या कारागिराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे घर एका वेळीं एकाच विजेला जोडलेलें राहतें. नाहींतर दिवे आणि पंखा वेगळ्या वायरीनें थेट जनरेटरला जोडावे.

आतां सौरपत्रे आले आहेत, लिथियमच्या बॅटरीच्या पेट्या आल्या आहेत. एक-दोन रात्रींच्या मुक्कामाला आणि घरांतील चार दिव्यांना त्या पुरतात, आणि त्यांतून धूर निघत नाहीं. पण लांबलेल्या संकटांत ती पेटी भरावयाची कोठें, हा प्रश्न उभा राहतो. आणि तेव्हां पेट्रोलचें इंजिन अजूनहि उपयोगी पडतें. म्हणून त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. बर्डनें स्वतःहि आपल्या इंजिनाला दोष दिला नाहीं, कारण त्या इंजिनामुळेंच महिनोन् महिने त्याला माणसाचा आवाज ऐकूं आला. त्याच्यापाशीं जागेची निवड नव्हती. चारी बाजूंस बर्फ होतें. दुकानांतून जनरेटर घरीं आणणाऱ्या गृहस्थापाशीं ती निवड असते. त्यानें पैसे मोजण्यापूर्वीं घराभोंवतीं एक फेरी मारावी, वारा कोणत्या बाजूनें येतो तें पाहावें, वीस पावलें मोजावीं, आणि तेवढी लांब वायर यंत्राबरोबरच विकत घ्यावी.